तक्त्याखालचा शुभेच्छुक

मंगळवार, ९ डिसेंबर, सकाळचे सहा वाजून पाच मिनिटं. शहाद्याच्या एसटी स्टँडमागच्या आवारात सलाउद्दीन पिंजारी जीपच्या रेडिएटरमध्ये पाणी ओतत होते. हातात तेलाचा जुना डबा, दातांत धरलेली बॅटरी. पाणी काठाशी आल्यावर त्यांनी झाकण लावलं, चारही चाकांना एकेक लाथ मारली आणि वायपरखाली खोचलेल्या चिठ्ठ्या काढून बॅटरीच्या उजेडात वाचल्या. चिठ्ठ्या तीन होत्या.

पहिल्या चिठ्ठीप्रमाणे जीप सात वाजता तळोद्याला निघायची होती, दुसरीप्रमाणे सात वाजता अक्कलकुव्याला आणि तिसरीप्रमाणे सात वाजता मोलगीमार्गे काठीला. तिन्हींवर 'पूर्ण दिवस' लिहिलेलं होतं. दोहोंवर 'अत्यावश्यक' होतं आणि एकीवर 'अति अत्यावश्यक'. प्रत्येक चिठ्ठीच्या तळाला 'चालकाचे नियंत्रण अधिकारी' अशी चौकट असते. तिथे सही नसेल तर आस्थापना लिपिक दोधू डिझेलची पावती देत नाही. तिन्ही चौकटींत सही होती, तिन्हींत वेगळी. सलाउद्दीनभाईंनी चिठ्ठ्यांची घडी केली आणि सीटखालच्या कापडी पिशवीत टाकली. पिशवी फुगलेली होती.

सलाउद्दीनभाई चौपन्न वर्षांचे आहेत. शिक्षण सहाय्य कक्ष नावाच्या सरकारी कार्यालयात ते कंत्राटी चालक आहेत. डोंगरातल्या आणि तापीकाठच्या शाळांना मदत करणं हे या कक्षाचं काम. कर्मचारी बावीस, जीप एक. करार अकरा महिन्यांचा असतो. यंदाचा करार याच मंगळवारी संपत होता. नव्या करारासाठी एका फॉर्मवर नियंत्रण अधिकाऱ्याची शिफारस लागते आणि तो फॉर्म संध्याकाळी पाचच्या आत पोर्टलवर चढवावा लागतो. मागे एका शिपायाचा फॉर्म एक दिवस उशिरा चढला, तर तो तीन महिने घरी बसला होता. सलाउद्दीनभाई आठ दिवसांपासून आपला नियंत्रण अधिकारी शोधत होते.

सोमवारी संध्याकाळी घरी बायको अख्तरबानोने ताट वाढता वाढता विचारलं होतं, "मिला क्या साहेब?"

"तीन मिले."

"एक चाहिए था ना जी."

"एक नहीं मिलता. तीनच मिलते."

अख्तरबानोने भाजी वाढली. "बकरी गुमी तो भी आठ दिन में मिल जाती," ती म्हणाली.

साहेब हरवण्याची सुरुवात मार्च महिन्यात झाली. पुण्याहून एक सल्लागार आले आणि त्यांनी कक्षात दोन दिवसांची कार्यशाळा घेतली. विषय होता मॅट्रिक्स व्यवस्थापन. आतापर्यंत प्रत्येकाला एक साहेब होता. आता कामं आडवी आणि भाग उभे मांडायचे आणि प्रत्येक कर्मचारी दोन्ही जिथे छेदतात तिथे बसवायचा, असं ठरलं. म्हणजे प्रत्येकाला दोन साहेब: एक भागाचा, एक कामाचा. भागाचा साहेब रजा देईल आणि गोपनीय अहवाल लिहील. कामाचा साहेब काम सांगेल. पहिलं नातं सलग रेषेने दाखवायचं, दुसरं तुटक रेषेने. सल्लागारांनी हे पडद्यावर दाखवलं तेव्हा सगळ्यांना समजलं. त्या दिवशी जेवणात श्रीखंड होतं.

तक्त्यात बावीसपैकी एकवीस नावं होती. सलाउद्दीनभाई परिशिष्टात होते, 'सामायिक संसाधने' या शीर्षकाखाली. क्रम असा: जीप, प्रोजेक्टर, सलाउद्दीन.

तक्ता फ्लेक्सवर छापून दर्शनी भिंतीवर लावायचा होता. पेन ड्राइव्ह घेऊन सलाउद्दीनभाईच ललितच्या दुकानात गेले. ललित शहाद्यात वाढदिवसाचे, निवडीचे आणि दशक्रियेचे बोर्ड छापतो. लग्नसराई सुरू होती आणि दुकानात एका वेळी चार नवरदेव कोरडे होत होते. संध्याकाळी ललितचा फोन आला.

"चाचा, तुमना बोर्ड व्हई गया. खाले जागा रिकामी शे. नाव कोन्हं टाकू?"

बिलासाठी विचारतोय असं समजून सलाउद्दीनभाईंनी आपलं नाव सांगितलं.

फ्लेक्स आला तो दहा फूट बाय सहा फूट. रेषा सगळ्या सलग होत्या. खालच्या कडेला लाल अक्षरांत, गुलाबाच्या दोन फुलांच्या मध्ये, छापलं होतं: 'शुभेच्छुक – सलाउद्दीन पिंजारी, शहादा.'

दोधू दुकानात भांडायला गेला. ललित म्हणाला, "अर्ध्या रेषा टिंबटिंब दिखेत. माले वाटनं फाईल खराब शे. जोडी दिधं मी. त्याना पैसा बी नई लावा."

तोवर फ्लेक्सचं उद्घाटन होऊन गेलं होतं. नवा छापायचा तर खर्चाला मंजुरी लागत होती. मंजुरी दोन्ही साहेबांची आणि आता दोन्ही रेषा सलग होत्या. फ्लेक्स राहिला. नवी रचना कशी चालली आहे, अशी सल्लागारांनी पुण्याहून दोनदा विचारणा केली. दुसऱ्या वेळी कक्षाने त्यांना फ्लेक्सचा फोटो पाठवला. त्यानंतर विचारणा आली नाही.

कक्षात तीन प्रमुख साहेब आहेत. कामिनी चौधरी मुलांच्या उपस्थितीचं काम बघतात, हेमकांत पाटील वाचनाचं. गिरधर पटेल डोंगरी भागाचे अधिकारी आहेत आणि तिघांत वयाने मोठे, म्हणून सगळे त्यांना गिरधरभाई म्हणतात. एप्रिलपासून तिघंही जीपवर सारखाच हक्क सांगतात. पहिल्या महिन्यात आवारात रोज सकाळी वाद होत. एकदा हेमकांत साहेब पुढच्या सीटवर बसले, कामिनी मॅडम मागच्या सीटवर आणि गिरधरभाई जीपसमोर उभे राहिले. असं चाळीस मिनिटं चाललं. मग ऊन आलं.

तोडगा सलाउद्दीनभाईंनी काढला. कक्षात येण्याआधी अठरा वर्षं त्यांनी अक्कलकुवा ते मोलगी प्रवासी जीप चालवली होती. त्या रस्त्यावर जीप कुणा एकाची नसते. भरली की निघते. नऊ जणांची जीप सतरा जणांना नेते आणि कोण कुठे बसणार यावरून तंटा होत नाही, कारण नियम ठरलेला आहे. ज्याचं गाव आधी, तो बाहेरच्या बाजूला. सलाउद्दीनभाईंनी यात एक बदल केला: ज्याचं गाव आधी, तो पुढच्या सीटवर. म्हणजे तळोद्यापर्यंत मॅडम पुढे, त्या उतरल्या की अक्कलकुव्यापर्यंत हेमकांत साहेब पुढे आणि घाटात गिरधरभाई पुढे. प्रत्येकाला पुढची सीट मिळत होती आणि प्रत्येकाला वाटत होतं की फेरी आपली आहे. चिठ्ठ्या तीन येत, लॉगबुकात नोंद एक होई. सल्लागारांच्या एकशे दहा पानी अहवालात ही पद्धत नाही.

मंगळवारी जीप सहा पन्नासला निघाली. गावाबाहेर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती. सलाउद्दीनभाईंनी गिअर बदलला आणि रस्त्याकडे बघतच विषय काढला.

"मॅडम, तो फॉर्म. आज शेवटचा दिवस."

"अहो भाई, मी केली असती हो सही," कामिनी मॅडम म्हणाल्या. "पण त्या फॉर्मवर खाली काय लिहिलंय वाचलंत? वर्षाच्या लॉगबुकात काही निघालं तर जबाबदारी सही करणाऱ्याची. आणि मी तर कामाची साहेब. माझी रेषा तुटक."

"फ्लेक्सवर सलग आहे," मागून हेमकांत साहेब म्हणाले.

"ती ललितची आहे."

"मग माझीही ललितचीच."

"अरे, पण हा तर तक्त्यातच नाही ना," गिरधरभाई म्हणाले. "सलाउद्दीन, तू खाली आहेस. गुलाबांमध्ये."

"म्हणूनच विचारतोय, साहेब. गुलाबांवर सही कोण करणार?"

हसणं तळोद्यापर्यंत पुरलं. तिथे मॅडम उतरल्या आणि दार लावताना म्हणाल्या, "तुम्ही हेमकांत साहेबांना विचारा. गेल्या महिन्यात सगळ्यात जास्त जीप त्यांनीच नेली."

हेमकांत साहेब पुढे येऊन बसले. अक्कलकुव्यापर्यंत त्यांनी प्रवासी जीपच्या पद्धतीचं कौतुक केलं. जिल्हा परिषदेने हिचा अभ्यास करायला हवा, असंही म्हणाले. बस थांब्याजवळ उतरून, खिडकीत वाकून त्यांनी सांगितलं, "गिरधरभाई मोठे आहेत. त्यांना नाही म्हणता येणार नाही. मी बोललो असतो, पण ते मागे बसलेत, बरं दिसत नाही."

गिरधरभाई पुढच्या सीटसाठी खाली उतरले, तेवढ्यात तिथे कालीबाई येऊन बसली. कालीबाई काठीच्या बाजूच्या एका निवासी शाळेत स्वयंपाक करते. तिखट-मसाल्याचं गाठोडं घेऊन ती बाजारातून परत निघाली होती. घाटात तिला उलटी होते, म्हणून प्रवासी जीपच्या दिवसांपासून ती सलाउद्दीनभाईंच्या जीपमध्ये पुढेच बसत आली आहे. हा नियम बाकीच्या नियमांच्या वरचा.

"साहेब, मागे," सलाउद्दीनभाई म्हणाले. "तिचं तुम्हाला माहीत आहे."

गिरधरभाईंना माहीत होतं. सप्टेंबरात त्यांनी हट्ट केला होता आणि कालीबाई मागे, त्यांच्या शेजारी बसली होती. ते मागे गेले.

"सलाउद्दीन, तू कक्षप्रमुखांना भेट," मागून ते म्हणाले. "ही माझ्या पातळीवरची गोष्ट नाही. मी तुला माणूस म्हणून ओळखतो. कागदावर ओळखत नाही."

कक्षप्रमुख दोन दिवस नंदुरबारला बैठकीत होत्या. सोमवारी सलाउद्दीनभाईंनी फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, की नव्या रचनेत असे निर्णय खालच्या पातळीवर व्हायला हवेत, तोच तर हेतू आहे.

पहिल्या चार वळणांत गिरधरभाई झोपले. कालीबाईने लिंबू नाकाशी धरलं होतं. घरी ती भिली बोलते. मराठी तिला बाजारापुरती येते आणि ती ती काटकसरीने वापरते.

"काय झालं?" तिने विचारलं.

"सही पाहिजे. साहेब सापडत नाही."

"हा मागे कोण?"

"तो एक. दोन उतरले."

"गाडी कोण मागतो?"

"तिघं."

"तोंडाने मागतो?"

"नाही. कागद देतात."

"कागदावर अंगठा करतो?"

"सही करतात."

"मग?" कालीबाईने विचारलं आणि खिडकीबाहेर तोंड काढलं.

सलाउद्दीनभाईंनी जीप कडेला घेतली आणि तिच्यासाठी पाण्याची बाटली काढायला सीटखाली हात घातला. हाताला बाटली लागली आणि तिच्याशेजारची कापडी पिशवी. प्रवासी जीपच्या दिवसांत जीप सुटण्याचा क्रम लिहिलेली नंबराची प्रत्येक चिठ्ठी वर्षअखेरपर्यंत ठेवायची पद्धत होती, कारण भांडण कधी निघेल सांगता येत नसे. ती सवय सुटली नव्हती. कक्षात आल्यापासून त्यांनी एकही चिठ्ठी फेकलेली नव्हती. त्यांनी बाटली कालीबाईला दिली आणि पिशवी मांडीवर घेऊन थोडा वेळ नुसती धरली.

काठीहून जीप साडेबाराला परत निघाली. गिरधरभाईंनी शाळेतल्या मुलांची संख्या तीनदा मोजली होती आणि तिन्ही वेळा ती वेगळी आली होती, म्हणून उशीर झाला. अक्कलकुव्याला हेमकांत साहेब, तळोद्याला कामिनी मॅडम. परतताना कुणी फॉर्मचं नाव काढलं नाही. सलाउद्दीनभाईंनीही नाही. शहाद्याच्या अलीकडे उसाची एक ट्रॉली रस्त्यावर आडवी झाली होती आणि दोन्ही बाजूंची माणसं ऊस खात उभी होती. तिथे पंचवीस मिनिटं गेली. आवारात जीप लागली तेव्हा चार वाजून छत्तीस मिनिटं झाली होती.

दोधूचं टेबल फ्लेक्सच्या बरोबर खाली आहे. वय अठ्ठावीस. कक्षात पोर्टलचा पासवर्ड माहीत असलेला तो एकटाच. फॉर्म त्याने अर्धा भरून ठेवला होता. 'तक्त्यातील स्थान' या रकान्यात त्याने मान वर करून, बघून, प्रामाणिकपणे लिहिलं होतं: 'शुभेच्छुक (तळाशी)'.

"चाचा, तुन्हा साहेब कोन ते सांग. एकच नाव. चौकट एकच शे."

"तूच पाही ले," म्हणत सलाउद्दीनभाईंनी पिशवी टेबलावर उलटी केली.

चिठ्ठ्या टेबलभर पसरल्या. काही खाली पडल्या. दोधूने एक उचलली, तळाची चौकट वाचली, मग दुसरी, मग तिसरी. 'चालकाचे नियंत्रण अधिकारी' आणि वर सही. पदनामाचा शिक्का. तारीख. मग तो उभा राहिला आणि पत्ते वाटावेत तशा तीन गड्ड्या करू लागला. मोजणीला सहा मिनिटं लागली. एप्रिलपासूनच्या एकूण एकशे त्रेसष्ट. गिरधर पटेल चव्वेचाळीस, हेमकांत पाटील अठ्ठावन्न, कामिनी चौधरी एकसष्ट.

"कामिनी मॅडम!" दोधू मोठ्याने म्हणाला. "तीन मतांनी."

कक्षातल्या केबिनी प्लायवूडच्या आहेत आणि वरून उघड्या. मॅडम बाहेर आल्या. त्यांनी चिठ्ठ्या पाहिल्या, आपली सही ओळखली आणि म्हणाल्या, "ही तर जीप घेण्यापुरती केली होती."

"मॅडम, एकसष्ट वेळा?" दोधूने विचारलं. "शिक्क्यासकट?"

मॅडम खुर्चीवर बसल्या. त्यांनी लॉगबुक मागवलं, चार पानं चाळली आणि नोंदी ठीक दिसल्यावर पेन काढलं. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण मग एक समजून घ्या. नियंत्रण अधिकारी मी, तर यापुढे प्रत्येक चिठ्ठीवर सही माझी. जीप कुठे जाणार, हे मी ठरवणार."

प्लायवूडपलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. हेमकांत साहेब चष्मा पुसत बाहेर आले.

"थांबा, थांबा. तीन मतांनी काय होतं? माझ्या जुलैतल्या चिठ्ठ्या यात आहेत का? मी जुलैत रोज जात होतो."

"सगळ्या आहेत, साहेब," सलाउद्दीनभाई म्हणाले. "जुलैत तुम्ही नऊ दिवस रजेवर होता."

"रजा कुणी दिली होती?"

"मी," गिरधरभाई म्हणाले. ते दारात उभे होते. "आणि डोंगर माझ्याकडे आहे. जीप डोंगरात जाते. डोंगराच्या अधिकाऱ्याने जीपसाठी उपस्थितीच्या मॅडमकडे अर्ज करायचा? माझी नोकरी किती झाली, माहीत आहे?"

"गिरधरभाई, तुम्ही तर सकाळी म्हणालात, कागदावर ओळखत नाही."

"सकाळी मी मागे बसलो होतो."

मॅडमनी सही करायला फॉर्म जवळ ओढला. हेमकांत साहेबांनी त्याचं दुसरं टोक धरलं. फॉर्म फाटेल म्हणून दोधू ओरडला, "पाचला दहा कमी शेत! एकच प्रत शे!" त्याने कक्षप्रमुखांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. पलीकडे बैठक चालू होती. चौकट एक आणि अधिकारी तीन, अशी अडचण दोधूने सांगितली.

"फॉर्म परत येता कामा नये," कक्षप्रमुख हळू आवाजात म्हणाल्या. "बाकी तुम्ही संघभावनेने ठरवा."

संघभावनेने ठरायला दोन मिनिटं लागली. कामिनी मॅडमनी चौकटीत सही केली. हेमकांत साहेबांनी तिच्या खाली केली, ती अर्धी चौकटीबाहेर गेली. गिरधरभाईंची सही मुळातच लांब आहे. ती समासातून उभी वर चढली आणि 'तक्त्यातील स्थान' या रकान्यापाशी थांबली. तिघांनी शिक्के मारले. सकाळपर्यंत ज्या लॉगबुकाची जबाबदारी कुणाला नको होती, ती आता तिघांकडे होती आणि तिघंही एकमेकांच्या शिक्क्यांकडे बघत होते. सलाउद्दीनभाई बाजूला उभे होते. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

चार वाजून सत्तावन्न मिनिटांनी फॉर्म पोर्टलवर चढला. पोर्टल फक्त सही आहे की नाही एवढंच बघतं. किती आहेत, ते बघत नाही. पोच छापून आली. सलाउद्दीनभाईंनी ती दोनदा वाचली, घडी केली आणि कापडी पिशवीत टाकली. मग जमिनीवर पडलेल्या चिठ्ठ्या गोळा केल्या आणि त्याही टाकल्या. घरी फोन केला.

"मिला क्या?" अख्तरबानोने विचारलं.

"तीनों मिल गए."

"या अल्लाह," ती म्हणाली. फोन ठेवण्याआधी तिने येताना दूध आणायला सांगितलं.

तिन्ही अधिकारी आपापल्या केबिनीत गेले होते, ते पाच मिनिटांत पुन्हा बाहेर आले. प्रत्येकाच्या हातात बुधवारची चिठ्ठी होती. तिन्हींवर वेळ सातची होती, तळाची चौकट भरलेली होती आणि या वेळी सह्या नेहमीपेक्षा मोठ्या होत्या. दोधूने चिठ्ठ्या घेतल्या नाहीत. त्याने पोचपावतीची प्रत फिरवून त्यांच्यासमोर धरली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. जुना करार ९ तारखेला संपतो, नवा ११ तारखेला सुरू होतो. मधला एक दिवस नियमाने खंड. त्या दिवशी चालक कक्षाचा कर्मचारी नसतो.

"म्हणजे उद्या याचा साहेब कोण?" हेमकांत साहेबांनी विचारलं.

"कोन्ही नई," दोधू म्हणाला.

सलाउद्दीनभाईंनी जीपची चावी त्याच्या टेबलावर ठेवली आणि दूध आणायला गेले.

बुधवारी, १० डिसेंबरला, जीप पत्र्याखाली उभी राहील. अक्कलकुव्याची पहिली एसटी शहादा स्टँडच्या तिसऱ्या फलाटावरून सहा पन्नासला सुटते आणि तळोद्याला थांबते. तिन्ही साहेबांना तीच धरावी लागेल आणि वाहकाच्या मागची दोन जणांची सीट तिच्यात राखीव नाही.